खाऱ्या तळ्यावरची घरे

भाद्रपदातील अमावास्येला महाराष्ट्रातले घर पहाटे उठते ते पितरांसाठी. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, दर्भ, तीळ आणि कावळ्यासाठी काढून ठेवलेले पान, यांतच सर्वपित्रीची सकाळ सरते. बंगालमध्ये याच दिवसाला महालया म्हणतात, आणि तेथेही गंगेच्या घाटांवर तर्पण होते. परंतु तेथल्या घरांना त्या दिवशी जाग येते ती आणखी एका कारणाने. पहाटे चार वाजता आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावरून वीरेंद्रकृष्ण भद्र यांचा चंडीपाठ सुरू होतो. 'महिषासुरमर्दिनी' या नावाचा हा कार्यक्रम वाणीकुमार यांनी लिहिला, पंकजकुमार मल्लिक यांनी तो सुरांत बांधला, आणि १९३० नंतरच्या दशकाच्या आरंभापासून तो बंगाली कुटुंबाच्या शरदऋतूचा पहिला स्वर होऊन बसला. १९७६ साली केंद्राने भद्रांच्या जागी उत्तमकुमार यांच्यासारख्या अफाट लोकप्रिय नटाचा आवाज योजून नवा कार्यक्रम सादर केला. त्यावर श्रोते असे संतापले की जुना कार्यक्रम परत आणण्यावाचून गत्यंतर उरले नाही. भद्र १९९१ साली वारले. आवाज अद्याप दरवर्षी येतो. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची जागा दुसऱ्या कोणी, तो कितीही देखणा असला तरी, घ्यावी हे त्या घरांना रुचले नाही, इतकाच त्याचा अर्थ.

कोलकात्याच्या पूर्वेस सॉल्ट लेक नावाची जी वसाहत आहे, तेथल्या कित्येक घरांत या पहाटेची तयारी आठवडाभर आधी होते. कपाटाच्या वरच्या खणातून जुना रेडिओ उतरवला जातो, त्यावरची धूळ पुसली जाते, नवे सेल घातले जातात. तोच पाठ आता खिशातल्या दूरध्वनीवर कोणत्याही घटकेस ऐकता येतो हे त्या घरांनाही ठाऊक असते. तरीही रेडिओ निघतोच. सणाच्या तयारीतले हे पहिले काम.

अशा एका गल्लीतली दोन शेजारघरे नजरेसमोर आणावीत. एका घरात निवृत्त बंगाली दांपत्य राहते. दुसऱ्या घरात भाड्याने आलेले मराठी कुटुंब आहे: पाचव्या सेक्टरमधील संगणकाच्या कचेरीत नोकरी करणारा मुलगा, त्याची पत्नी, शाळकरी नात आणि साताऱ्याकडून आलेल्या सासूबाई. या दुसऱ्या घराला बंगालचा शरद आला की पहिला पेच पडतो तो पंचांगाचा नव्हे, खरेदीचा. पितृपंधरवड्यात मराठी घर नवे वस्त्र घेत नाही, सोने घेत नाही, लग्नाची बोलणीदेखील लांबवते. बंगालची पूजेची खरेदी मात्र नेमकी याच पंधरवड्यात भरास येते. देवीचे बोधन षष्ठीला. तोवर शिंप्याकडून कपडे यायला हवेत, मोलकरणीला, माळ्याला, वर्तमानपत्र टाकणाऱ्या पोऱ्याला पूजेचे नवे वस्त्र आणि वरकड पैसे द्यायला हवेत. हातीबागान आणि गडियाहाट येथील पदपथांवर पाय ठेवायला जागा नसते. अशा वेळी शेजारीण जिन्यातून हाक मारते, "चला, साड्या बघायला जाऊ," आणि सून सासूबाईंच्या तोंडाकडे पाहते. सासूबाईंनी यावर काढलेला तोडगा नमुनेदार आहे. मोलकरणीची साडी अनंतचतुर्दशीच्या आतच घ्यायची, घडी न मोडता कपाटात ठेवायची, आणि महालया उलटल्यावर हातात द्यायची. "पंधरवड्यात घ्यायला बंदी आहे, सूनबाई, द्यायला कोणी बंदी केलेली नाही." धर्मशास्त्र इतके लवचिक घरातच असते, ग्रंथात क्वचित.

ही वसाहत ज्या भूमीवर उभी आहे ती भूमीच मुळी नवी. साठ-सत्तर वर्षांपूर्वी येथे खाऱ्या पाण्याचा पसरलेला पाणथळ प्रदेश होता. कोळी आणि मासे पाळणाऱ्यांच्या भेड्या, म्हणजे उथळ तळी, याखेरीज वस्ती अशी नव्हती. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून लोकांचे लोंढे येत राहिले, शहर कोंडले, आणि मुख्यमंत्री डॉ. विधानचंद्र राय यांनी पूर्वेकडे हात पसरण्याचे ठरवले. १९६२ साली भरावाचे काम सुरू झाले. हुगळी नदीच्या पात्रातला गाळ पाण्यात कालवून लांबच लांब नळांमधून येथे आणला गेला आणि त्याने तळे बुजवण्यात आले. आखणी डोब्रिव्होये तोश्कोविच या युगोस्लाव्ह वास्तुविशारदाची. डॉ. राय मात्र त्याच वर्षी १ जुलैला, आपल्या ऐंशीव्या वाढदिवशीच, निवर्तले; गावाला पुढे त्यांचेच नाव मिळून ते विधाननगर झाले. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धाआधी येथे निर्वासितांची मोठी छावणी होती, आणि गटारांसाठी आणून टाकलेल्या सिमेंटच्या प्रचंड नळांत कुटुंबे संसार मांडून राहिली होती. डिसेंबर १९७२ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन येथे भरले. त्यानंतर हळूहळू घरे उठू लागली. दोन, तीन, चार कठ्ठ्यांचे तुकडे, ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिलेले. रोमन मुळाक्षरांच्या जोड्यांनी ओळखले जाणारे ब्लॉक. आणि ब्लॉकच्या मध्ये एक मैदान. गल्लीला नाव नाही, घराला आकडा आहे. हे गाव सरळ रेषेत आखले गेले, पण त्यात आजोळ कोठे असावे याची जागा नकाशावर दाखवलेली नव्हती.

ज्यांनी हे तुकडे घेतले त्यांतील पुष्कळांची मुळे फरीदपूर, बारीसाल, ढाका, विक्रमपूर या पट्ट्यात होती. त्यांच्या आठवणीतील पूजा घरच्या चंडीमंडपात, नदीवरून नौकेने येणाऱ्या नातलगांसह होत असे. शेजारच्या बंगाली बाई, ज्यांना मराठी सून 'माशीमा' म्हणते, त्या तसे घर पाहिलेल्या शेवटच्या पिढीतल्या. पतीच्या नोकरीतल्या पैशाने त्यांनी दोन मजले बांधले; खालचा आपल्यासाठी, वरचा मुलासाठी. मुलगा आज अमेरिकेत आहे. वरचा मजला बारा महिन्यांतले अकरा कुलुपात असतो. या वसाहतीत अशी घरे एकदोन नाहीत. संध्याकाळी फिरायला निघाले तर खाली दिवा आणि वर काळोख असे घर दर चारपाच घरांमागे दिसते.

तरीही आश्विन जवळ आला की वरच्या मजल्याचे कुलूप निघते. पावसाळ्याने भिंतींचा खालचा हातभर भाग फुगलेला असतो, चुना पोपडे धरून गळत असतो. माशीमा त्याला 'नोना' म्हणतात. सासूबाई म्हणतात, "आमच्याकडे यालाच लोणा लागणे म्हणतात." एकाच लवणाची ही दोन लेकरे, तळे बुजवले तरी मीठ भिंतीतून वर येतेच. खरवडायचे, पुटीन भरायचे, रंगाचा एक हात द्यायचा. गाद्या गच्चीवर उन्हात टाकायच्या. पावसाळ्यात कपड्यांत शिरलेला दमट वास जावा म्हणून कपाटांची दारे सताड उघडी ठेवायची. मच्छरदाण्या धुवायच्या. कोळिष्टके काढायला लांब बांबूला झाडू बांधून माणूस येतो. हे सगळे मुलगा येणार म्हणून? तो पूजेला येत नाही. त्याच्या मुलांच्या शाळांना आश्विनात सुटी नसते. सुटी असते ती डिसेंबरात, नाताळची, म्हणजे बंगालीत 'बडोदिन'ची. ही तक्रार घरोघरची आहे. सुटीचा काळच परदेशी गेलेल्या मुलांसाठी दोन महिने पुढे सरकला आहे. देवी आश्विनात माहेरी येते, मुले पौषाच्या सुमाराला. माशीमांना हे माहीत असते, आणि कुलूप तरीही निघते. यजमान एकदा म्हणाले होते, की डिसेंबरातच काय ते एकदा उघडावे, दोनदा खर्च कशाला. त्यावर उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी रंगारी आला.

स्वयंपाकघरातली तयारी याहून आनंदाची. बंगाली घरात पूजेच्या फराळाचा मानकरी म्हणजे नाडू, नारळाचा लहानसा लाडू. तो दोन परींचा: गुळाचा तांबूस आणि साखरेचा पांढरा. पांढऱ्यात कापराचा किंचित वास हवा. सातारकर सासूबाईंना कापूर देवापुढे जाळण्याचा ठाऊक. तो खाण्यात घालतात हे पाहून त्यांनी पहिल्या वर्षी कपाळाला हात लावला होता. पण विळी पाहून त्यांचे मन निवले. बंगाली बोटी आणि मराठी विळी, दोन्हींवर बाईने जमिनीवर बसूनच काम करायचे, पाते उभे, आणि टोकाला नारळ खवायचे दाते. एवढ्या दूरच्या दोन मुलखांतल्या बायकांनी भाजी चिरायची एकच रीत उचलावी, याचे उत्तर इतिहासकारांनी कधी दिलेले नाही. त्यांना राजांच्या तलवारींतून सवड मिळाली नसावी. खोवलेला नारळ गुळाबरोबर मंद आचेवर ढवळत राहायचा. कढईची कड सुटू लागली की उतरवायचा, आणि हाताला चटके बसत असतानाच वळायचा. निवला की तो वळला जात नाही. नंतर निमकी: मैद्याच्या, कलौंजी घातलेल्या खाऱ्या तळलेल्या त्रिकोणी चकत्या, आपल्या खाऱ्या शंकरपाळ्यांच्या मावसबहिणी. मुरमुऱ्यांचे आणि लाह्यांचे गुळात बांधलेले मोआ. हे सारे पूजेच्या दिवसांत कोणी खात नाही. ते असते विजयादशमीनंतर पाया पडायला येणाऱ्यांसाठी.

पूजेच्या दिवसांत खायचे काय, तर घरचे काही नाही. महाराष्ट्रातल्या गृहिणीला हे नवल वाटेल. आपल्याकडे सण म्हटला की चूल अधिक पेटते. सॉल्ट लेकमध्ये सप्तमी, अष्टमी, नवमी या तीन दिवसांत कित्येक घरांतली चूल दुपारी पेटतच नाही. ब्लॉकच्या मैदानात मंडप उभा असतो, मागे मोठे चुलाणे असते, आणि खिचुडी, लाबडा नावाची मिसळीची भाजी, वांग्याची भजी, टोमॅटोची चटणी आणि पायेश असा भोग शेकडो माणसे एका पंगतीत घेतात. वाढणारे ब्लॉकमधलेच. एरवी कारकुनांवर हुकूम सोडणारा अधिकारी त्या दिवशी बालदी घेऊन ओळीतून फिरतो आणि "आणखी थोडी?" म्हणून विचारतो. बायका पहाटेच आंघोळी उरकून नैवेद्याची फळे चिरायला जमतात. अष्टमी आणि नवमीच्या सांध्यावरील ४८ मिनिटांच्या संधिपूजेसाठी १०८ कमळांच्या पाकळ्या उलगडून ठेवणे आणि १०८ दिवे लावणे ही कामे वयाने वडील असलेल्यांची. वर्गणीवरून वाद होतात, मूर्तीच्या खर्चावरून होतात, गाण्यांच्या कार्यक्रमात कोणाच्या नातीला आधी उभे करायचे यावरूनही होतात. चार चौघांच्या वर्गणीने पूजा करण्याची ही पद्धत बंगालमध्ये जुनी आहे. अठराव्या शतकात हुगळी जिल्ह्यातील गुप्तीपाडा येथे बारा मित्रांनी मिळून केलेल्या पूजेवरून तिला 'बारोयारी' हे नाव पडले असे मानतात. घरातला गणपती १८९३ च्या सुमारास चौकात आला, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पण सॉल्ट लेकमध्ये तिला वेगळे मोल आहे. ज्यांचे चंडीमंडप नदीपलीकडे राहिले आणि ज्यांची मुले समुद्रापलीकडे गेली, त्यांनी नकाशातल्या त्या मोकळ्या मैदानाचे अंगण केले. एकत्र कुटुंबाची रीत येथे रक्ताच्या नात्यावर नव्हे, ब्लॉकच्या अक्षरांवर चालते. २०२१ साली कोलकात्याच्या दुर्गापूजेला युनेस्कोच्या मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले, ते बहुधा भव्य मंडप आणि रोषणाई पाहून मिळाले असे पुष्कळांना वाटते. त्या पंगतीत बसलेल्या माणसाला तसे वाटत नाही.

मराठी घरात मात्र प्रतिपदेलाच घट बसलेला असतो. परडीत माती, मातीत धान्य, त्यावर कलश, रोज एक माळ आणि अखंड नंदादीप. हावड्याच्या पुलाजवळच्या मल्लिक घाटावर झेंडूचे डोंगर लागलेले असतात, म्हणून माळांना तोटा नाही. परंतु हे सारे दाराआड. बंगाली सण घराबाहेर पडतो, मराठी सण उंबऱ्याच्या आत वळतो. शेजाऱ्यांना वाटे, हे लोक पूजेत सामील होत नाहीत. सासूबाईंना वाटे, दिवा एकटा टाकून मंडपात कसे बसावे. हा दुरावा अष्टमीने सोडवला. चित्पावनांच्या कुळाचाराप्रमाणे त्या दिवशी तांदळाच्या उकडीचा महालक्ष्मीचा मुखवटा घरच्या बायका हातांनी घडवतात, डोळे काजळाने रेखतात, तिला साडी नेसवून उभी करतात, आणि संध्याकाळी उदाच्या धुराने उदवलेल्या घागरी फुंकीत तिच्यापुढे खेळतात. नव्या सुनेने लग्नानंतर पाच वर्षे ही पूजा करायची असते. माशीमा सहज म्हणून डोकावल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. मूर्ती कुमारटुलीच्या कुंभारानेच घडवायची, आणि डोळे तर महालयेच्या मुहूर्तावर निष्णात हातानेच रेखायचे, ही त्यांची समजूत. येथे सून उकड मळून देवीचे नाक ओढीत होती. घागरीतला धूर पाहून त्यांनी नारळाच्या शेंड्या घातलेले आपले मातीचे धुपाटणे, ज्याला त्या 'धुनुची' म्हणतात, घरून आणवले. पुढच्या वर्षापासून ब्लॉकमधल्या दहाबारा बायका संधिपूजा आटोपून या घरी येऊ लागल्या.

मराठी माणसाच्या हातून बंगालमध्ये पूजा मांडली गेल्याचा एक जुना दाखलाही आहे, आणि तो सुखाचा नाही. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांचा सेनापती भास्करराम कोल्हटकर याने कटव्याजवळ दाँईहाट येथे मोठ्या थाटात दुर्गापूजा आरंभली होती. सामग्री आसपासच्या जमीनदारांकडून वसूल केलेली. नवाब अलिवर्दीखानाने रात्रीतून नदी उतरून नवमीच्या सुमारास पहाटे छापा घातला, आणि पूजा अर्धी टाकून मराठी फौज पळाली. बंगालच्या अंगाईगीतात मूल झोपवताना अजून बर्गी येतात ते त्याच वर्षांतले. माशीमांनी ते गीत मराठी नातीला झोपवताना म्हटले, मग अर्थ आठवून त्या ओशाळल्या. सासूबाईंनी अर्थ विचारून घेतला आणि म्हणाल्या, "म्हणा, दीदी. आमच्याही मुलांना कोणी तरी कशाला तरी भिववतेच."

दशमीला दोन्ही घरांची तोंडे पुन्हा दोन दिशांना होतात. मराठी घरात तो आरंभाचा दिवस: पाटीपूजन, श्रीखंड, दाराला तोरण. आपटा मिळत नाही. त्याच्या कुळातल्या कांचनाची जोडपाने सोने म्हणून वाटली जातात. बंगाली घरात तो निरोपाचा दिवस. सुवासिनी देवीच्या भाळी आणि मग एकमेकींना शेंदूर लावतात, मिठाई भरवतात, आणि ट्रक निघाला की मैदान एकदम ओकेबोके दिसू लागते. सोने द्यायला गेलेल्या नातीला माशीमांच्या डोळ्यांत पाणी दिसले. तिने पाने तशीच हातात दिली आणि पाया पडली. तिच्या ओंजळीत दोन नाडू आले. विजयेचा पहिला नमस्कार त्या घरात त्या वर्षी मराठी मुलीचा झाला.

वास्तविक त्या घराची खरी पूजा यापुढे, पाच दिवसांनी. कोजागरीची लक्ष्मी पूर्व बंगालकडच्या कुटुंबांना दुर्गेहूनही जवळची, कारण ती मंडपात नव्हे, घरातच यायची असते. भिजवलेले तांदूळ वाटून पातळ पिठी करायची आणि बोटांनी आलपना काढायची: वेलबुट्ट्या, धान्याच्या लोंब्या, आणि फाटकापासून देवघरापर्यंत लक्ष्मीची पावले. खाली वाकणे माशीमांना आता जमत नाही. त्या वर्षी पिठी त्यांनी वाटली आणि पावले मराठी सुनेने काढली. मूठ वळून पाऊल आणि बोटाने पाच टिंबे, ही युक्ती तिला गौरींच्या वेळची ठाऊक होतीच. देवघरापाशी ती थांबली, तेव्हा माशीमांनी जिन्याकडे बोट दाखवले. पावले पायरी पायरीने वर गेली आणि रंग दिलेल्या, गाद्या घातलेल्या, रिकाम्या खोलीच्या आत जाऊन थांबली. मध्यरात्री सासूबाई आटीव दुधाचे पातेले घेऊन आल्या. गच्चीवर चंद्र होता, चार माणसे होती, आणि अमेरिकेत तेव्हा दुपार होती, म्हणून मुलाला दूरध्वनीच्या पडद्यावर पावले दाखवता आली. त्याने डिसेंबरच्या तिकिटांचे सांगितले.

दुसऱ्या दिवशी मोलकरणीने खालची फरशी पुसली. जिन्याचा प्रश्न आला तेव्हा माशीमा म्हणाल्या, राहू दे, तिकडे कोण चालते. तांदळाची पिठी सुकली की घट्ट धरते. मराठी कुटुंब दिवाळीला आठ दिवस साताऱ्याला जाऊन आले, ब्लॉकमध्ये कालीपूजा झाली, चौदा पालेभाज्यांची भाजी आणि चौदा दिवे झाले, भाऊबीज झाली. मार्गशीर्षात खजुराचा नवा गूळ बाजारात आला तेव्हा वरच्या मजल्याचे कुलूप दुसऱ्यांदा निघाले, आणि पायऱ्यांवरची पावले, थोडी पुसट, तशीच वर जात होती.